खारफुटीच्या काळ्या चिखलात काय जगते?

प्रश्न : शाळेच्या सहलीत कोकणातील एका खाडीकाठी मुलांनी खारफुटीचा काळा, दुर्गंधीयुक्त चिखल पाहिला. खेकडे आणि निवट्या सोडल्यास त्यात काही जगते का, असे ती विचारतात. — एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : मुलांनी फार चांगला प्रश्न विचारला आहे. त्या चिखलात खेकड्यांच्या अनेक पट संख्येने प्राणी जगतात, परंतु त्यांतील बहुतेक एक मिलिमीटर भोकांच्या चाळणीतूनही सहज निसटतील इतके लहान असतात. त्यांत सर्वाधिक भरणा असतो सूत्रकृमींचा, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमींचा. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी आपल्या जिल्ह्यातील बागायतदारांना चांगलाच ठाऊक आहे. खाडीतील हे त्याचे दूरचे भाऊबंद मात्र प्रामुख्याने जिवाणू, सूक्ष्म शैवाल किंवा आपल्याहून लहान प्राणी खाऊन राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तोंड पाहिले की आहाराचा अंदाज येतो : जिवाणू गिळणाऱ्याचे तोंड अरुंद आणि बिनदातांचे असते, तर शिकार करणाऱ्याच्या तोंडात टोकदार दात स्पष्ट दिसतात. त्यांच्या सोबतीला कोपेपॉड नावाचे इवलेसे कवचधारी प्राणी असतात आणि त्यांच्या अनेक माद्या अंड्यांची पिशवी पोटाशी बाळगून हिंडतात.

काळा रंग आणि दुर्गंधी ही चिखल मेल्याची खूण नव्हे. ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचत असल्यामुळे त्याखालील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून श्वसन करतात, त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन चिखल काळा पडतो. म्हणूनच बहुतेक सूक्ष्म प्राणी वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये दाटी करतात. खेकड्यांची बिळे आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळे जेथे हवा खाली नेतात, तेथे ते अधिक खोलवरही सापडतात, आणि काही सूत्रकृमी तर जवळजवळ ऑक्सिजनविरहित थरातही तग धरतात.

गळलेल्या पानांवर वाढणाऱ्या जिवाणूंना हे प्राणी खातात आणि कोळंबी व माशांची पिल्ले या प्राण्यांना खातात. खारफुटी तोडून भराव टाकला की झाडांबरोबर ही साखळीही गाडली जाते, आणि माझ्या मते आपण या हानीची दखल फारच कमी घेतो.

मुलांना असे प्राणी दाखवण्यासाठी पुन्हा खाडीवर जाण्याची गरज नाही. जाती वेगळ्या असल्या तरी गोड्या पाण्याच्या तळ्यांतही सूत्रकृमी आणि कोपेपॉड असतात. जवळच्या तळ्याच्या काठचा वरचा चमचाभर गाळ थोड्या पाण्यात ढवळावा, जड कण खाली बसू द्यावेत आणि वरच्या पाण्याचे थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कमी वर्धनावर पाहावेत. नागमोडी वळवळणारा पारदर्शक धागा दिसला, तर तो बहुधा सूत्रकृमी असेल. नंतर मुलांना हात साबणाने धुवायला लावावेत.