मुरमाड बांधावरचे जिवंत कुंपण

प्रश्न : आमची जमीन उंचवट्यावर, मुरमाड आणि चहूबाजूंनी वाऱ्याला उघडी आहे. बांधावर पूर्वी देशी झुडपांचे दाट कुंपण होते. आता त्यातली तुरळक झुडपे उरली आहेत. गेली दोन वर्षे खड्ड्यांत पोयट्याची माती आणि भरपूर शेणखत घालून कमरेइतकी उंच रोपे लावली, तरी निम्म्याहून अधिक वाळली. जमीन इतकी निकस असेल तर कुंपण पुन्हा उभे करणे शक्य आहे काय?

उत्तर : निश्चित शक्य आहे. आपली रोपे जमिनीच्या निकसपणामुळे मेली असे मला वाटत नाही, कारण उरलेली झुडपे त्याच मुरमात इतकी वर्षे तग धरून आहेत. उंच रोपाची पाने जितके पाणी उडवतात तितके त्याच्या पिशवीत गुंडाळलेल्या मुळांना ओढता येत नाही. शिवाय वाऱ्याने खोड हलत राहिले की नव्याने फुटलेली तंतुमुळे तुटतात. खड्ड्यातल्या भारी मातीतून मुळे बाहेरच्या कठीण मुरमात जायला तयार होत नाहीत, आणि शेणखताचा पहिला लाभ गवताला होतो. म्हणून यापुढे वीतभर ते हातभर उंचीची रोपे घ्यावीत आणि खड्डा तिथल्याच मातीने भरावा.

तत्पूर्वी जुन्या झुडपांकडे पाहावे. ती उपटू नयेत. पावसाळा तोंडावर आला असता एखाद्या झुडपावर, जमिनीपासून वीतभर ठेवून, छाटणीचा प्रयोग करावा; बुंध्यातून जोमदार फुटवे आले, तरच बाकीची छाटावीत. याच झुडपांचे बी धरावे, कारण त्या वाऱ्यात टिकलेला वाण बाहेरून आणता येत नाही. करवंदाच्या बियांची उगवणक्षमता लवकर जाते, म्हणून ते ताजेच पेरावे. सागरगोट्याचे टणक कवच कानशीने घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. बोराचे सोटमूळ फार लवकर खोल जात असल्याने त्याचे बी जागेवरच टोकणे उत्तम. निर्गुडी मात्र छाटकलमांपासून सहज येते आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे वाऱ्याकडच्या ओळीत तीच असावी.

लागवड दोन ओळींत नागमोडी करावी. दोन रोपांत दीड फूट अंतर पुरेसे आहे. नवी रोपे जुन्या झुडपांच्या आडोशाला आधी लावावीत आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत जावे. सलग भिंतीसारखे कुंपण करण्याचा हव्यास धरू नये. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा आपटतो, तर सुमारे निम्मा वारा गाळून सोडणारे कुंपण आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पिकाला आडोसा देते. म्हणजे दोन मीटर उंच कुंपणामागे वीस मीटर.

सर्वाधिक श्रम गवतावर खर्च करावेत. प्रत्येक रोपाभोवती हातभर वर्तुळ पहिली तीन वर्षे तणमुक्त राखून त्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पुढच्या पावसाळ्यात नांग्या भराव्यात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावीत. काही रोपे मरणारच, त्याने खचू नये. रोपे गुडघ्याएवढी झाली की शेंडा खुडावा, नाहीतर झुडूप वर वाढते आणि तळाशी पोकळ राहते. गुरांपासून राखण्यासाठी घातलेली काट्यांची वई, झुडपांच्या फांद्या एकमेकींत गुंतेपर्यंत काढू नये.