मांजर हरवलं, तर आधी जिना शोधा

पाळीव प्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून व्रणोपचारक (जखमांची मलमपट्टी करणारे, म्हणजे ड्रेसर) म्हणून निवृत्त झाले आहेत.

प्रश्न : आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, म्हणून आम्ही कर्वेनगरला चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. सामान चढवताना दार उघडं राहिलं आणि चिंगी निसटली. सहा वर्षांची आहे, ऑपरेशन झालेलं आहे, आजवर घराबाहेर पडलेली नाही. मंगळवारपासून शोधतोय. मांजर जुन्या जागी परत जातं असं सगळे सांगतात, म्हणून माझे मिस्टर रोज कोथरूडला चकरा मारताहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, तर एकाचा फोन आला. मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार पाठवा म्हणाला. आईने तर जेवणच सोडलंय. काय करावं?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, पैसे पाठवू नका. त्या माणसाला व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायला सांगा. फोटोत न दिसणारी तिची एखादी खूण असेल, पोटावरचा ठिपका म्हणा किंवा शेपटीची गाठ, ती कुणालाही सांगू नका आणि जो फोन करेल त्याला तीच विचारा. ज्याच्या घरात खरंच दुसऱ्याचं मांजर येऊन बसलंय तो ‘लवकर येऊन घेऊन जा’ म्हणतो. आधी पैसे मागणाऱ्याने बहुतेक वेळा तुमचा मेसेज तेवढा पाहिलेला असतो.

आणि मिस्टरांना कोथरूडहून परत बोलवा. जुन्या जागेकडे जातात ती बाहेर हिंडणारी मांजरं, त्यातही बोके. कर्वेनगर-कोथरूड लागूनच आहे, त्यामुळे जुन्या इमारतीच्या वॉचमनला आणि तिथल्या सुपरवायझरला फोटो देऊन ठेवा, वाया जाणार नाही. पण तुमची चिंगी सहा वर्षं घरात वाढलेली. तिने तो रस्ता कधी पाहिलेला नाही, आली तीही पिशवीत किंवा बास्केटमध्ये बसून. असं मांजर दाराबाहेर पडलं की घाबरून पहिल्या सापडलेल्या फटीत शिरतं आणि तिथेच बसतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हरवलेल्या बाराशेहून जास्त मांजरांची माहिती गोळा केली होती. सापडलेल्या मांजरांपैकी चारातली तीन घरापासून ५०० मीटरच्या आत होती. घरातल्या मांजराच्या बाबतीत मी तर म्हणेन, आधी तुमचा जिनाच शोधा.

सर्वात आधी घर. गाद्यांच्या वळकट्या सोडा, दिवाणाचे कप्पे उघडा, फ्रिजच्या मागे आणि वॉशिंग मशीनच्या खाली बघा. टेम्पोवाल्यालाही फोन करा, कारण रिकाम्या खोक्यांबरोबर मांजर परत टेम्पोत गेल्याचं मी पाहिलंय. मग जिन्याने वर. घाबरलेलं मांजर खालीच जाईल असं धरून चालू नका. गच्चीवरची लिफ्टची खोली, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, सोलरच्या पॅनेलखालची सावली. मग खाली मीटरची खोली, डक्टचा तळ, पंपाची खोली, जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या सायकली. पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीखाली वाकून बघा आणि ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना सकाळी चालू करण्याआधी बॉनेट ठोकायला सांगा. शेजाऱ्यांच्या बंद फ्लॅटची बाल्कनी आणि कुलूप लावलेली गॅरेजं यांच्या किल्ल्या मागून घ्या. ‘तुम्हीच बघा’ म्हणून सोडून देऊ नका. लोक दारातूनच आत डोकावतात आणि नाही म्हणून सांगतात.

दिवसा हाका मारत फिरण्याचा उपयोग नाही, उलट तोटाच. घाबरलेलं मांजर मालक दोन हातांवर उभा असला तरी ओ देत नाही. आवाज केला तर आपण सापडू, एवढंच त्या घटकेला त्याला कळत असतं. म्हणून रात्री रहदारी थांबल्यावर, बारा-एकनंतर, एकाच माणसाने जायचं. चिंगी ज्यांच्या अंथरुणात झोपते त्यांनी. म्हणजे बहुतेक आईंनीच. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून गाड्यांखाली, झुडपांत, कंपाउंडच्या कडेने हळू फिरवायचा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे अंधारात ते हिरवट चमकतात आणि लांबून कळतात. दिसली तर धावू नका. आईंनी खाली जमिनीवर बसायचं आणि घरात बोलतात तसंच, त्याच सुरात बोलत राहायचं. अर्धा तास लागला तरी बसायचं.

वास हाही मोठा आधार. तुमच्याकडे चालत असेल तर मूठभर सुकट तव्यावर भाजा, चालत नसेल तर कुणा शेजाऱ्याकडून भाजून आणा. वाटीत घालून संशयाच्या जागी ठेवा, आईंची न धुतलेली साडी शेजारी. आणि वाटीभोवती हातभर जागेत चाळणीने गव्हाचं पीठ पातळ भुरभुरा. नारायण पेठेतल्या एका वाड्यात मी हे स्वतः केलं होतं. मांजर गेलं, मेलं, असं घरातल्यांनी धरलं होतं. सकाळी पिठात गोल, रुपयाएवढे ठसे होते, पुढे चार बोटं आणि नखाचा मागमूस नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर चालताना नखं आत ओढतं. घुशीचा पंजा लहान असतो, बोटं लांब आणि विस्कटलेली. ते ठसे टाकीमागच्या फटीकडे जात होते, भिंत आणि टाकी यांच्यात वीतभर जागा, आणि तिथे ती पाय पोटाखाली घेऊन बसलेली. घरातली माणसं रोज त्याच टाकीतून बादल्या भरत होती.

सांगायचं कुणाला, हेही बघा. सोसायटीच्या ग्रुपवर हळहळ खूप व्यक्त होते, पण पहाटे चारला त्यातलं कुणी बाहेर नसतं. तेव्हा जागी असलेली माणसं वेगळी : रात्रपाळीचे वॉचमन, दूधवाले, पेपरची मुलं, गाड्या धुणारे, रस्ता झाडणारे. आणि ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई, ज्या दारोदार जातात आणि ज्यांना कुठल्या इमारतीमागे कुठलं मांजर बसतं हे पाठ असतं. त्यांना थांबवून, नाव विचारून, छापील फोटो हातात द्या. बक्षीस द्यायचं असेल तर ह्यांना द्या. आसपास रात्री भटक्या मांजरांना खायला घालणारी एखादी बाई असतेच, तिला गाठा. नवीन चेहरा तिला लगेच ओळखू येतो. चिठ्ठी लावायची तर मोठा फोटो, ‘मांजर हरवलंय, पकडू नका, फोन करा’ एवढंच, नंबर ठसठशीत, आणि पावसासाठी प्लॅस्टिकचं पाकीट.

सापडली की टॉवेलमध्ये गुंडाळून आणा, एका खोलीत ठेवा, थोडं थोडं खायला द्या. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, विशेषतः जाड मांजराच्या. त्यामुळे ती नीट खात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंग गरम लागलं म्हणून क्रोसिन देऊ नका. त्यातलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आणि कुणाला ओरखडा किंवा चावा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि इंजेक्शनसाठी सरकारी दवाखाना गाठा. घरचंच आहे म्हणून सोडू नका.

प्रश्न : दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला आणि आमचा मोती पट्ट्यातून मान काढून पळाला. देशी कुत्रा आहे, त्यामुळे भटका समजून पालिकेच्या गाडीने नेला असेल का? कुणी म्हणतं जनता वसाहतीकडे दिसला, पण हाक मारली तर अजून लांब पळतो. आम्हाला ओळखत नाही का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ओळखतो, पण भीतीत त्याला कुणीच आपलं वाटत नसतं. त्याच्या मागे माणसं पाठवू नका. चारजण ‘मोती मोती’ करत धावले की तो रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो. दिसला की त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसा, त्याच्याकडे बघू नका, खायला काहीतरी कागदात खडखडवा आणि जवळ टाका.

कुत्रा मांजरासारखा लपून बसत नाही, लांब जातो, आणि त्यातल्या त्यात मोकळी, सरळ वाट धरतो. तुमच्या भागात ती वाट म्हणजे कालवा. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेट, हडपसरकडे जातो. जनता वसाहतीजवळ दिसला असेल तर मला ते खरं वाटतं. कालव्याच्या कडेने पहाटे फिरायला येणाऱ्यांना, चहाच्या टपऱ्यांना आणि पर्वती-तळजईवर रोज जाणाऱ्यांना फोटो द्या. ज्या ठिकाणी दोनदा दिसला तिथे रोज त्याच वेळी खाणं ठेवा आणि निघून या. एकदा जागा ठरली की पकडणं सोपं.

पालिकेचं म्हणाल तर, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीसाठी उचललेला कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, आणि ओळखीसाठी त्याच्या कानाला खाच पाडतात. म्हणजे नेला असला तरी तो परत येण्याची वाट आहे. पण फोनवर विचारून थांबू नका. ‘तपकिरी, मध्यम’ या वर्णनाचे पन्नास कुत्रे तिथे असतात. फोटो आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन निवारा केंद्रावर स्वतः जा, पिंजऱ्यांसमोरून चालत जा, दोन दिवसांनी पुन्हा जा. पोलीस चौकीत अर्ज देऊन पोचेची प्रत ठेवा. पालिकेचा कुत्र्याचा परवाना काढलेला असेल तर तुमचा कुत्रा तुमचा आहे हे सांगायला तो कागद फार कामाला येतो. काढलेला नसेल तर मोती आल्यावर पहिलं काम ते करा.

आल्यावर पट्ट्याच्या जोडीला छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, आणि पट्ट्यावर नाव घालण्याऐवजी फोन नंबर कोरून घ्या. मायक्रोचिपबद्दल विचारणारे बरेच जण असतात. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात पंधरा आकडी नंबर असतो, आणि तो स्कॅनर फिरवला तरच कळतो. कुत्रा कुठे आहे हे चिप सांगत नाही. घालायला हरकत नाही, पण रस्त्यावर ज्याला तो सापडेल त्याच्याकडे स्कॅनर नसतो, डोळे असतात.

प्रश्न : मी पेन्शनवर एकटी राहते. बारा वर्षांचा बोका आहे. मागच्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात तपासण्या-सलाईन मिळून माझं निम्मं पेन्शन गेलं. पुण्यात परवडेल असा इलाज कुठे मिळतो? की आता त्याला न्यायचंच नाही?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : काकू, न्यायचं, नक्की न्यायचं. औंधला पशुसंवर्धन खात्याचं सर्वचिकित्सालय आहे. तिथे गाई-म्हशींबरोबर कुत्री-मांजरंही बघतात. केसपेपर आणि तपासणीचा खर्च खासगीच्या मानाने फारच थोडा. सकाळी लवकर जा, मागचे सगळे कागद बरोबर न्या म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत, आणि बोक्याची बास्केट चादरीने झाकून न्या, कारण रांगेत कुत्री असतात. काही औषधं बाहेरून आणावी लागतील, त्याची तयारी ठेवा. मोठं दुखणं असेल आणि कुणी गाडीने नेणारं असेल तर साताऱ्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारे डॉक्टर बघतात. बावधन, मुंढव्याकडच्या प्राणिसंस्थांचं मुख्य काम रस्त्यावरच्या जखमी आणि भटक्या जनावरांचं. तुमच्या घरी छप्पर आणि माणूस आहे, तेव्हा आधी सरकारी दवाखाना गाठा आणि त्यांचे हात त्यांच्या कामासाठी मोकळे राहू द्या.

खासगीत जायची वेळ आली तर टेबलावर ठेवण्याआधी विचारा : आज न करून चालणार नाही असं काय आहे, आणि त्याला किती लागतील? असं विचारण्यात कमीपणा काही नाही. मी टेबलाच्या पलीकडे उभा राहून आयुष्य काढलं आणि सांगतो, चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. जे मालक विचारत नाहीत ते दुसऱ्या दिवशी येतच नाहीत आणि जनावर अर्ध्या इलाजावर राहतं.

रेबीजची लस चुकवू नका. ६ जुलैला प्राणिजन्य आजार दिन आणि २८ सप्टेंबरला रेबीज दिन असतो. त्या सुमारास सरकारी दवाखान्यांत बऱ्याचदा मोफत लसीकरण करतात, आधी चौकशी करून ठेवा. गोचिड्यांसाठी कुत्र्याचे थेंब किंवा पावडर बोक्याला लावू नका. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराला त्याने झटके येतात. फरशीही फिनेलने पुसू नका. तो पाय चाटतो आणि ते पोटात जातं.

आणि काकू, बोका आहे म्हणून एक खास सांगतो. तो पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नका. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जातो. ट्रेमध्ये बोट घालून बघा, माती कोरडी असेल तर सकाळची, सरकारी दवाखाना उघडण्याची वाट बघू नका. रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना कुठला आणि तिथे रिक्षाने किती वेळ लागतो हे आजच विचारून फोनशेजारी लिहून ठेवा. हा एकच खर्च असा आहे की त्यासाठी थोडे पैसे डब्यात वेगळे ठेवावेत.