आरोग्यक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मेंटरिंगच्या गटात नवीन आहेस तर

पहिल्या मीटिंगआधी गटातल्या लोकांचे नुसते देश पाहू नकोस, कामं पाहा. नर्स, साथरोगतज्ज्ञ, पशुवैद्य, डेटावाले, सरकारी अधिकारी असे सगळे एकत्र येतात आणि खरा फरक तिथेच पडतो. क्षयरोगाचा विषय निघाला की लॅबवाला जीनएक्सपर्टच्या (क्षयरोगाचे जंतू शोधणाऱ्या चाचणीच्या) रिपोर्टपासून सुरुवात करेल. गावोगाव फिरणारी नर्स विचारेल, सहा महिने औषधं घेताना पेशंटची मजुरी बुडते, त्याचं काय? असले प्रश्न लिहून ठेव. इंग्रजीत अडखळणाऱ्याला मध्येच तोडू नकोस, त्याचं वाक्य पूर्ण करून द्यायची हौस तर मुळीच नको. मीटिंगची वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेत कळव (नेपाळ त्यापुढे ५ तास ४५ मिनिटं, तिथे हमखास घोळ होतो). आणि दर वेळी त्याच लोकांनी मध्यरात्री जागायचं हे मला पटत नाही. वेळा आलटून पालटून ठेवायला सांग, नवीन असलीस तरी.