बरीला लीगमधून काढलं, बोल्टनला मुदत दिली. कर्जात बुडालेल्या फुटबॉल क्लबांना वेगवेगळा न्याय का?

तुम्ही विचारलंय की 2019 मध्ये ईएफएलने, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगने, एकाच दिवशी बरी या क्लबला बाहेर काढलं आणि बोल्टन या क्लबला मुदत दिली, हा उघड पक्षपात नाही का. आधी तेवढ्याचं उत्तर देतो.

बोल्टन मे महिन्यापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये होता, म्हणजे देणी फेडता न आल्याने कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे गेला होता. मालकाच्या हातात काही उरलं नव्हतं, घेणारा समोर उभा होता, फक्त सह्या राहिल्या होत्या. ईएफएलने 14 दिवस दिले आणि दुसऱ्याच दिवशी, 28 ऑगस्टला, विक्री झालीसुद्धा. बरी मात्र अजून मालक स्टीव्ह डेलच्याच ताब्यात होता. त्यांनी डिसेंबर 2018 मध्ये तो एका पौंडाला घेतला होता आणि पुढचा खर्च कुठून भागवणार याचा समाधानकारक पुरावा ते लीगला शेवटपर्यंत देऊ शकले नाहीत. लीगचा खरा गुन्हा इथे आहे. जो पुरावा ऑगस्टमध्ये मागितला, तो क्लब विकत घेतानाच मागायला हवा होता. 1900 आणि 1903 मध्ये एफए कप जिंकलेला क्लब, त्यातली 1903 ची फायनल तर डर्बीविरुद्ध 6-0, असा एका पौंडाला कुणाच्या हातात देतात का? 27 तारखेला दुपारी लोक बरीचं गिग लेन मैदान झाडायला गेले होते, पुढची मॅच होईल या आशेने. रात्री निकाल आला. त्या लोकांबद्दल वाईट वाटतंच.

पण बरीच्या प्रकरणात एक गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नात नाही, कुणाच्याच प्रश्नात नसते. त्याच वर्षी जुलैमध्ये बरीच्या घेणेकऱ्यांशी तडजोड ठरली. खेळाडू आणि इतर क्लब, म्हणजे फुटबॉलमधले घेणेकरी, त्यांना पूर्ण रक्कम. बाकी विनातारण घेणेकऱ्यांना पौंडामागे 25 पेन्स. त्या बाकीच्यांत सरकारी कर खातं असतं आणि अशा प्रत्येक यादीत शेवटी कुठला तरी बसवाला, केटरर, छापखाना, लाँड्रीवाला असतो.

आमची लाँड्री आहे. आपल्याच राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबचं किट काही वर्षं आम्ही धूत होतो. क्लब आता नाही, नाव घेत नाही.

पावसाळ्यात फुटबॉलचं किट धुणं म्हणजे काय असतं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाल चिखल वाळला की कापडात बसतो, म्हणून गाठोडं आलं की रात्रीच भिजवावं लागतं. मोजे वेगळे, कारण त्यांच्यातली खडी मशीनच्या ड्रममध्ये गेली तर शर्टांना भोकं पडतात. शर्ट उलटे करून धुवायचे, नाहीतर पाठीवरच्या नंबराचं प्रिंट तडकतं. ड्रायरची आच जरा वाढली की स्पॉन्सरचा लोगो सुटतो, म्हणून दोऱ्यांवर वाळत घालून खाली पंखे लावायचे आणि पहाटे इस्त्री करून टेम्पोत चढवायचे. आमच्याकडच्या दोन मावशींना कुठल्या नंबराचा मुलगा डाव्या बाजूला जास्त घसरतो हे मोज्यांवरून कळायचं. त्यांनी एकही मॅच पाहिलेली नव्हती.

पहिल्या सीझनला चेक वेळेवर आले. मग महिना मागे, मग दोन महिने मागे. ऑफिसातला माणूस फोनवर अतिशय गोड बोलायचा. "काका, वरून अप्रूव्हल यायचंय." बाबांनी चलनांची वही जपून ठेवली होती, प्रत्येक गाठोड्यावर किटमनची सही. शेवटी एकदा मी म्हटलं, आता कपडे सोडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅच होती. बाबा म्हणाले, "पोरं उद्या काय घालून खेळतील?" आणि टेम्पो पाठवून दिला. पुढे काही आठवड्यांनी क्लब बंद झाल्याचं आम्हाला पेपरात वाचून कळलं. आम्हाला निम्म्याहून कमी रक्कम देऊ केली, सोबत 'फुल अँड फायनल'चं पत्र. दिवाळी तोंडावर होती, मावशींचा बोनस द्यायचा होता, बाबांनी सही केली. खेळाडूंचे करार मात्र पूर्ण चुकते झाले. हे किटमननेच सांगितलं.

माझे दाजी सी.ए. आहेत आणि फुटबॉलवेडे. त्यांचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: खेळाडूचं करिअर दहा-बारा वर्षांचं, त्याला आधी मिळालं हे बरोबरच, आणि उधारी दिली की जोखीम आलीच. प्रत्येक सणाला हा विषय निघतो. त्यांना जे तिथे पूर्ण सांगता येत नाही ते इथे लिहितो.

दाजी, खेळाडू आधी येतो तो त्याचं करिअर छोटं म्हणून नव्हे. लीगच्या हातात क्लबची जागा असते म्हणून येतो. इंग्लंडमध्ये नवीन मालकाला लीगमधली जागा हवी असेल तर फुटबॉलमधली देणी पूर्ण फेडल्याशिवाय लीग ती देत नाही. कायद्याच्या नजरेत खेळाडूची बरीचशी थकबाकी आणि लाँड्रीची थकबाकी एकाच रांगेत. लीग आपल्या नियमाने एकाला रांगेतून बाहेर काढून पुढे नेते. त्यात फक्त पोटासाठी खेळणारे तरुण नसतात, लाखो पौंडांची ट्रान्सफर फी येणं असलेले श्रीमंत क्लबही असतात. तेही लाँड्रीवाल्याच्या पुढे. पोर्टस्मथ 2010 मध्ये बुडाला, तेव्हा घेणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स होती, 2,702 पौंडांसाठी. मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहणारी ही धर्मादाय संस्था. त्याच मोसमात तो संघ एफए कपची फायनल खेळला.

ब्रिटिश कर खातं या नियमाविरुद्ध कोर्टात गेलं आणि मे 2012 मध्ये हरलं. पण न्यायाधीशांनी निकालातच बजावलं की याला लीगच्या पद्धतीची पाठराखण समजू नका. दाजींनी हा निकाल वाचावा.

आपल्याकडे तर अजून सोपं आहे. खेळाडू फेडरेशनकडे जातो, फिफाकडे जातो, क्लबवर नवे खेळाडू घ्यायची बंदी येते. 2019 पासून फिफाच्या शिस्त नियमांत असंही आहे की क्लबने नाव बदललं किंवा नवी कंपनी काढली तरी क्रीडा वारसदार म्हणून जुनं देणं त्याच्या मागे येतं. खेळाडूंसाठी हे चांगलंच आहे, त्यांचं कमी करा असं मी म्हणत नाही. मैदानावरची बाई, बसचा ड्रायव्हर, धुणारा, यांचं येणंही त्याच यादीत घाला, एवढंच म्हणतो. क्लब लायसन्स देताना विचारा की किरकोळ पुरवठादारांची बिलं चुकती आहेत का. एका कागदाचं काम आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे पाहायचं तर बरी आणि बोल्टनमधली तफावत मला दुय्यम वाटते. दोन्हीकडे तळाची माणसं तीच होती.

मोठा क्लब नेहमीच सुटतो असंही नाही, हे लिहायचं राहिलं. ग्लासगोच्या रेंजर्सला 2012 मध्ये कर खात्याने तडजोड नाकारली आणि स्कॉटिश लीगच्या 30 पैकी 25 क्लबांनी त्यांना थेट चौथ्या श्रेणीत पाठवायला मत दिलं, टीव्हीचा पैसा जाईल अशी भीती घातली जात असतानाही. याउलट इटलीत लाझिओला 2005 मध्ये सुमारे 14 कोटी युरोंचा थकलेला कर 23 वर्षांच्या हप्त्यांत फेडायची सवलत मिळाली. त्याआधीच्याच वर्षी नापोली दिवाळखोरीत जाऊन तिसऱ्या श्रेणीत गेला होता. पक्षपात शोधायचाच असेल तर तो इथे शोधा. आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2020 पासून व्हॅट आणि पगारातून कापलेल्या कराबाबत कर खात्याला पुन्हा प्राधान्य मिळालंय. म्हणजे लाँड्रीवाला आणखी एक नंबर मागे.

तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी क्लबला काही पुरवत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, काम सुरू करण्याआधी करून घ्या, नंतर केलेली मागच्या बिलांना उपयोगी पडेल याची खात्री नाही. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याने बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. भारतीय करार कायद्याचं कलम 170 असं सांगतं की ज्या वस्तूवर तुम्ही मेहनत केलीत, तिची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू तुम्ही ठेवून घेऊ शकता, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. बाबांना हे कलम माहीत असतं तरी त्यांनी टेम्पो पाठवलाच असता, आणि त्यासाठी दाजींनी त्यांना भोळं म्हणणं मला आजही मान्य नाही. तुम्ही मात्र किट अडवा, आणि अडवल्याचं लेखी कळवा.