सहाव्या महिन्यात शुगर १५८ आली, भात-पोळी एकदम बंद करू का?

नाही गं, एकदम बंद नको करूस. ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या टेस्टला दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं की आपल्याकडे गरोदरपणातला डायबेटीस धरतात, म्हणजे १५८ ला लक्ष द्यायलाच हवं, पण उपाशी राहणं हा उपाय नाही, बाळाला पण ते चांगलं नाही.

मला दुसऱ्या वेळी हेच झालं होतं आणि सगळ्यात त्रास दिला तो सकाळच्या नाश्त्याने, कारण सकाळी हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट काम करत नाही. त्याच वाटीभर पोह्यांनी सकाळी शुगर चढायची आणि दुपारी तेवढी नाही. मग मी पोहे सोडून मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही सुरू केलं, फरक मीटरवर दिसला.

जेवणात आधी काकडी-कोशिंबीर, उसळ, मग एक ज्वारीची भाकरी, भात खायचाच तर अर्धी वाटी आणि वरण घट्ट. दोन-अडीच तासांनी थोडं खायचं, भाजलेले चणे, ताक वगैरे. गूळ चालतो असं सासूबाई म्हणतील पण गूळ, मध, खजूर सगळ्यांनी शुगर वाढतेच, डोहाळजेवणाचं ताट आलं तरी चव घेऊन बाजूला ठेव. जेवल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललीस तरी चालेल, डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर.

उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत हवी. तरी नाही आली तर डॉक्टर इन्सुलिन देतील, घाबरू नकोस, ते बाळापर्यंत जात नाही. आणि बाळंतपणानंतर दीड महिन्याने परत टेस्ट कर, ती बऱ्याच जणी विसरतात.