घनतेनं रोजच्या आयुष्यात काय फरक पडतो? आमच्या आईला विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: तापमान वाढलं की घनता कमी होते हे पुस्तकात वाचलं, पण रोजच्या आयुष्यात त्यानं काही फरक पडतो का? आणि पाण्याचं उलटं का असतं?

पडतो. आमचे पैसे कापले जायचे.

करवीर तालुक्यातलं गाव, १९९३-९४ साल, मी नववीत. घरात दोन म्हशी, सकाळचं आठेक लिटर दूध. आमचं घर दूध संस्थेच्या अगदी दारात. धार काढली, किटली उचलली की दोन मिनिटांत आई रांगेत. लोकांना वाटायचं किती सोय! पण आमचं नेमकं तिथंच चुकत होतं.

संस्थेत दूध जारमध्ये ओतायचं आणि त्यात लॅक्टोमीटर सोडायचा. काचेची नळी, बुडाशी शिशाचे छर्रे. दूध घट्ट असेल तर नळी वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. दांडीवरच्या आकड्याला आम्ही डिग्री म्हणतो; २९ डिग्री म्हणजे घनता १.०२९. आमच्याकडं २८ च्या खाली आलं की दर कमी, आणि वर बोलणी. आमचं सारखं २७ यायचं. सेक्रेटरी आबा नात्यानं आमचेच, तरी सगळ्या रांगेसमोर म्हणायचे, "वैनी, आज विहिरीला पाणी लई झालंय वाटतं." आई काही बोलायची नाही. घरी येऊन भांडी आदळायची.

गंमत म्हणजे तीन किलोमीटरवरच्या मळ्यातून येणाऱ्यांचं दूध कायम पास. त्यांच्या म्हशी काही सोन्याची वैरण खात नव्हत्या. वाटेत दूध गार व्हायचं, एवढंच.

हे माझ्या डोक्यात आलं ते शाळेत घनतेचा धडा चालू असताना. सरांकडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून घेतला. दुसऱ्या दिवशी एकाच धारेचं दूध दोन किटल्यांत घेतलं. एक विहिरीच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली, दुसरी पोत्यात गुंडाळली. दोन्ही घेऊन रांगेत उभा. थर्मामीटर बघून आबा म्हणाले, "दुधाला काय ताप आलाय व्हय रं?"

आला होता. पोत्यातलं ३६ अंश, डिग्री २७. विहिरीतलं २६ अंश, डिग्री २९. म्हस तीच, आचळ तेच.

हिशेब सोपा आहे. तो लॅक्टोमीटर २७ अंशांना बरोबर वाचतो. दूध त्याच्यावर जितके अंश गरम, तितक्या वेळा ०.२ मिळवायचे, गार असेल तर वजा करायचे. ९ अंशांचे १.८ मिळवले की २७ चे २८.८. गार दुधाचे ०.२ वजा केले की २९ चेही २८.८. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून उरलेला घन भाग; तो काढताना डिग्रीला चारानं भागतात, म्हणजे दोन डिग्री चुकल्या की एसएनएफ अर्ध्या टक्क्यानं खाली. म्हशीच्या दुधाला ९ टक्के लागतं, तिथं अर्धा टक्का म्हणजे दूध नापास.

आबांनी काय केलं? "मग गार करून आणत जा." झालं. थर्मामीटर घेतला नाही, कापलेले पैसे दिले नाहीत. पेट्रोल पंपावर बघा, घनता मोजायच्या जारबरोबर थर्मामीटर असतो आणि आकडा १५ अंशांवर आणूनच ताडतात. पेट्रोलला जी अक्कल लावतात ती दुधाला लावायला काय जातं? कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर लोक फेसासकट धारोष्ण दूध पितात. त्या ग्लासात लॅक्टोमीटर सोडला तर तिथली अस्सल म्हससुद्धा पाणी घालणारी ठरेल.

पाण्याचं म्हणाल तर ते ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याखाली रेणू बर्फासारखी पोकळ मांडणी करायला लागतात, म्हणून ० ते ४ मध्ये उलटी तऱ्हा. बर्फ तर घनमीटरला ९१७ किलोच. रंकाळा काही गोठत नाही, तेव्हा इथं त्याचा फार उपयोग नाही. बाकी बहुतेक पदार्थ तापले की रेणू जास्त हलतात, जागा जास्त घेतात. तेवढंच वजन, जास्त जागा.

आता दोन गोष्टी, नाहीतर कोणीतरी खाली भांडायला येईल. जुने काही लॅक्टोमीटर १५.५ अंशांचे असतात, दांडीवर लिहिलेलं वाचा. आणि नुसत्या डिग्रीनं भेसळ कळतच नाही. साय हलकी असते, ती काढली की डिग्री वाढते, मग पाणी घालून परत जाग्यावर आणता येते. म्हणून फॅट आणि डिग्री दोन्ही बघतात. ताज्या दुधात हवाही असते, ती निघून जाऊ द्यावी.

आबा आता नाहीत. त्यांचा मुलगा परवा एका लग्नात म्हणाला, "थोडं पाणी असायचंच की रं तुमच्यात." किटली विसळलेला घोटभर असेल, तो सगळ्यांच्याच किटलीत असायचा. पण आठ लिटरांत दोन डिग्री उतरवायला अर्ध्या लिटरापेक्षा जास्त पाणी लागतं भावा. तेवढं आई घालत होती असं म्हणायचं असेल तर घरी ये, ती अजून आहे, तिच्या तोंडावर म्हण.