विंडोज १० चं वाढीव वर्ष संपायच्या आत काय उरकून घ्यायचं

तुमचा प्रश्न असा, की दोन मशीन आहेत, एक सातव्या जनरेशनच्या आय५ चा लॅपटॉप आणि एक रायझन ३६०० चा असेंबल्ड डेस्कटॉप, दोन्हीवर विंडोज १०, दोन्हीवर ११ चालणार नाही असा मेसेज येतोय, ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही वर्षभर सुरक्षा अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) फुकटच्या पर्यायाने चालू करून ठेवलंय पण ते १३ ऑक्टोबर २०२६ ला संपणार, मग दोन्ही भंगारात घालायची का. अजिबात नाही. डेस्कटॉप तर मुळीच नाही, त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथं भानगड फक्त एका सेटिंगची दिसतेय.

रायझन ३६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. मेसेज येतो तो बहुतेक टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग) बंद असल्यामुळे. त्यासाठी वेगळी चिप आणून लावायची गरज नसते, ते प्रोसेसरसोबतच येतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) एफटीपीएम नावाने सापडेल (इंटेलवाल्यांकडे त्यालाच पीटीटी म्हणतात), आणि त्या काळातल्या बोर्डांवर ते बरेचदा बंदच असायचं. पण लगेच बायोसमध्ये घुसू नका. आधी विंडोजमध्ये रन उघडून एमएसइन्फो३२ टाका आणि बायोस मोडची ओळ बघा. यूईएफआय (बूट होण्याची नवी पद्धत) असेल तर सोपं आहे. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे, आणि अशा वेळी बायोसमध्ये जाऊन नुसतं सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं की मशीन विंडोज शोधत बसतं, बूट काही होत नाही, आणि माणूस घाबरून फॉरमॅट मारून मोकळा होतो. त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता डिस्क यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी मांडणीची करून देतं, आधी व्हॅलिडेट चालवायचं, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. बॅकअप त्याच्याही आधी.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय. ह्याचा चटका मी खाल्लाय. भाच्याच्या लॅपटॉपवर मी मोठ्या ऐटीत बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, टीपीएम सगळं इकडचं तिकडं केलं, रीस्टार्ट केला आणि समोर निळा स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणून. भाचा म्हणतो कसली की, मी काही लॉक केलंच नाहीये. खरंच केलं नव्हतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की काही लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्याच्या अकाउंटमध्ये होती, पण अकाउंट उघडायला ओटीपी जात होता तो नंबर त्याने कधीच सोडलेला. जुन्या फोनवर तेच अकाउंट लॉगिन राहिलेलं होतं म्हणून वाचलो. तेव्हा आधी की कागदावर उतरवून घ्या, बिटलॉकर सस्पेंड करा, मग बायोसला हात लावा.

११ टाकताना २४एच२ (११ ची २०२४ मधली आवृत्ती) ची जुनी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, पडून असेल तर ती वापरू नका. २४एच२ च्या होम आणि प्रो चा सपोर्टही त्याच १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, म्हणजे सगळा खटाटोप करून परत त्याच तारखेला येऊन उभे राहाल. त्यानंतरची २५एच२ घ्या.

आता लॅपटॉप. सातव्या जनरेशनला कुठल्याही सेटिंगने फरक पडणार नाही, इंटेलची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्यापासून सुरू होते. रुफस नावाच्या टूलने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवून टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी टाळता येते, चालतं पण, मी एका जुन्या मशीनवर चालवतोय. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीचं मोठं अपडेट बहुधा परत हाताने टाकावं लागतं. खेळायला ठीक, ज्यावर तुमचा बँकेचा व्यवहार होतो त्यावर मी तरी करणार नाही.

तारीख उलटली की लॅपटॉप बंद पडेल असं नाही हां. १४ ऑक्टोबर २०२५ ला मुख्य सपोर्ट संपला तेव्हाही कुणाचं मशीन बंद पडलं नव्हतं. डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसच्या डेफिनिशन्स (व्हायरस ओळखायच्या याद्या) तर विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, आणि त्यामुळेच बरेच जण म्हणतात, मग काय झालं. अहो, अँटीव्हायरस हा दारावरचा राखणदार, मागची भिंतच खचली असेल तर तो काय करणार. फाइल्स लॉक करून पैसे मागणारं वॉनाक्राय आठवतंय का, मे २०१७. ज्या भोकातून ते घुसलं त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला, त्याला तर पॅच सगळा गोंधळ झाल्यावर मिळाला, तोही मेहेरबानी म्हणून. दुसरं म्हणजे बाकीची सॉफ्टवेअर हळूहळू साथ सोडतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमने मात्र २०२३ च्या सुरुवातीला १०९ नंबरच्या आवृत्तीवर हात वर केले, म्हणजे लोकांना खरी अडचण तीन वर्षांनी जाणवली. तुमच्याकडे ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर त्याचाही सपोर्ट विंडोज १० च्याच दिवशी संपलाय आणि ईएसयूमध्ये ते येत नाही, हे कुणी सांगत नाही.

पण खरी तयारी मला विचाराल तर वेगळीच आहे. कुठली सिस्टिम टाकायची हा नंतरचा प्रश्न, आधी एक संध्याकाळ काढून वही घेऊन बसा आणि त्या लॅपटॉपवर तुम्ही खरोखर काय काय वापरता ते लिहा. प्रोग्रॅमचं नाव, त्याचा सेटअप कुठं आहे, लायसन्स की कुठल्या मेलमध्ये आलेली, आणि जुन्या मशीनवर डीॲक्टिव्हेट केल्याशिवाय नव्यावर चालू होणार नाही असं आहे का. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड सिंक होतायत की फक्त त्याच मशीनवर आहेत. आउटलुक असेल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल कुठं आहे. आणि स्कॅनर! प्रिंटर कसाबसा चालतो पण जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर कंपनीने कधीच बनवायचे सोडलेले असतात. माझ्या यादीत अकरा गोष्टी निघाल्या, त्यातल्या नऊ ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या होत्या, एक स्कॅनर आणि एक डोंगलवर (लायसन्ससाठी लावायचा यूएसबीचा तुकडा) चालणारं सॉफ्टवेअर. म्हणजे विंडोज मला फक्त दोन गोष्टींसाठी लागत होतं, हे लिहून काढेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बॅकअप घेताना तुमच्या बाबतीत एक खास धोका आहे. तुम्ही ईएसयू फुकटच्या पर्यायाने घेतलंय, म्हणजे विंडोज बॅकअप चालू करून. त्यात सेटिंग्ज सिंक केल्या तरी पुरतं, पण तिथंच फोल्डरचेही स्विच असतात आणि ते चालू झाले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याच्या) फोल्डरमध्ये सरकतात. मग माणूस सवयीने युजर्समध्ये जाऊन जुनं डॉक्युमेंट्स फोल्डर कॉपी करतो आणि ते असतं रिकामं. शिवाय फुकटची जागा ५ जीबीच, ती भरली की पुढच्या फाइल्स वर जातच नाहीत. म्हणून एक्सटर्नल डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि पाच-सहा फाइल्स उघडून बघा, एखादा जुना फोटो, एखादी एक्सेल. उघडल्या तरच बॅकअप झाला असं धरा.

हे झालं की लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉल नका करू लगेच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय का बघा आणि झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का हे नक्की तपासा, जुन्या लॅपटॉपचं घोडं तिथंच अडतं. यादीतली एखादी गोष्ट विंडोजशिवाय होतच नसेल तर ती डेस्कटॉपवर ११ मध्ये हलवा, आणि ११ वर स्कॅनर चालतच नसेल तर एखादी जुनी हार्डडिस्क विंडोज १० सकट फक्त स्कॅनिंगसाठी ठेवा, नेटची केबल काढून, वायफाय बंद करून, फाइल पेनड्राइव्हने न्यायची. मी तेच करतो, दिसायला गबाळं आहे पण चालतंय.

डेस्कटॉपच्या एमएसइन्फोमध्ये बायोस मोड काय दाखवतोय आणि मदरबोर्डचं मॉडेल कुठलं तेवढं कळवा, एफटीपीएम नेमकं कुठल्या मेनूत दडलंय ते बघून सांगतो.